गुरुत्वाकर्षणच बदललं तर?

१९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, अपेक्षेपेक्षा अंधुक दिसले आणि कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, तेव्हापासून सगळे म्हणतात की त्यामागे डार्क एनर्जी, म्हणजे हा वेग वाढवणारी एक अज्ञात ऊर्जा आहे, पण मला जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या शक्यतेची, की अशी वेगळी एनर्जी नसेलच आणि आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं समीकरणच एवढ्या प्रचंड अंतरांवर थोडं बदलत असेल. अडचण ही की सूर्यमालेत आइन्स्टाइन अगदी बरोबर ठरतो, म्हणून या थिअरीजना बदललेल्या समीकरणातून येणारं जादाचं बल दाट जागी लपवावं लागतं, त्याला स्क्रीनिंग म्हणतात, आणि ही कल्पना मला खरंच फार सुंदर वाटते.

मग १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, आले आणि जेमतेम १.७ सेकंदांनी गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, तेही सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं पार करून! म्हणजे दोघांचा वेग जवळपास तंतोतंत सारखा. ज्या थिअरीजमध्ये लहरींचा वेग वेगळा यायचा त्यातल्या बऱ्याच तिथेच बाद झाल्या. एफ-आर ग्रॅव्हिटी ही आइन्स्टाइनचं समीकरण बदलणारी एक थिअरी मात्र वाचली, तिच्यात तो वेग प्रकाशाइतकाच राहतो. आता युक्लिड ही अवकाश दुर्बीण दीर्घिकांचे समूह काळानुसार कसे वाढत गेले ते मोजतेय, गुरुत्वाकर्षण बदलत असेल तर ते तिथेच पकडलं जाईल असं मला मनापासून वाटतं.