कड्या

दोन तासांत जागा सोडा, असा निरोप सकाळी आला. तोफांचे आवाज आदल्या रात्रीपासूनच जवळ सरकत होते. शेल्टरमध्ये 61 कुत्री, 19 मांजरं, माणसं आम्ही तिघं आणि गाडी एकच.

मांजरांचं लवकर उरकलं. पिंजरे कमी पडले तेव्हा उशांचे अभ्रे काढले. एका अभ्र्यात एक मांजर, तोंडाशी गाठ. अंधार झाला की मांजर बहुधा गप्प बसतं.

गाडीत कुत्री मावणार होती 24. पिल्लं पाजणाऱ्या माद्या, प्लॅस्टरवाले, म्हातारे असे क्रमाने चढवले. पार्वो झालेली तीन पिल्लं मात्र त्यांच्यात घेतली नाहीत. हा विषाणू भांड्यांवर, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. एका विष्ठेतून अख्खी गाडी गेली असती. ती खोक्यात घालून आमचा एक मुलगा दुचाकीवरून घेऊन गेला.

मागे राहणार होती 34.

‘ताई, कड्या उघडल्या तर एकमेकांना फाडतील,’ आमचा सहकारी म्हणाला. त्याचं खरं होतं. घाबरलेलं कुत्रं समोर येईल त्याला चावतं. पण 2022 साली युक्रेनमधल्या बोरोद्यांकाच्या शेल्टरमध्ये 485 कुत्री आठवडेच्या आठवडे कोंडलेली राहिली आणि त्यातली 222 मेली, हे माझ्या डोक्यातून कधीच गेलेलं नाही. गोळ्यांनी नाही, अन्नपाण्यावाचून, बंद दारांआड.

गुंगीचं औषध देऊन जावं, असंही सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. आमच्याकडे होतं ते एसप्रोमाझीन. त्याने कुत्रं निपचित पडतं, पण भीती आत तशीच राहते, आवाज उलट जास्त टोचू शकतो. शिवाय ज्याला पळायची वेळ येईल त्याचे पाय मीच काढून घेतल्यासारखं झालं असतं.

मग कड्या काढल्या. नुसत्या उघडल्या नाहीत, पान्याने खोलून बादलीत टाकल्या, म्हणजे वाऱ्याने दार आपटून बंद पडायला नको. भांडखोर सात जणांची मागची दारं वेगळ्या अंगणात उघडत होती, त्यांना तिकडे सोडलं. टब, बादल्या, घमेली, हाताला लागेल त्यात पाणी भरलं. खाद्याची पोती फाडून लांब लांब ठेवली, एकाच ठिकाणी भांडणं नकोत म्हणून. प्रत्येकाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने माझा फोन नंबर लिहिला. कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचे पंधरा आकडी नंबर वहीत होतेच. पण रस्त्यावर भेटलेल्या माणसाकडे स्कॅनर कुठून असणार?

निघताना एकही भुंकलं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

तिसऱ्या दिवशी परत जाता आलं. भिंतीचा एक कोपरा पडला होता, पाणी तळाला गेलं होतं. 31 कुत्री आवारातच होती, दोघांचे कान फाटलेले. एकाला संध्याकाळी कुणीतरी पट्ट्यावरचा नंबर वाचून आणून सोडलं.

दोघं अजून आलेली नाहीत. रात्री फाटकाला कडी लावत नाही.