कृष्णेतील नावेच्या जुन्या इंजिनाचे पॉइंट काढताना

चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी राहणाऱ्यांच्या नावेची खरी परीक्षा पावसाळ्यात, आणि तीही सर्वांत वाईट हवेत होते. कोयनेतून विसर्ग वाढला, दूधगंगेलाही पाणी आले की कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली जातो, पलीकडच्या शिवाराची वाट बंद होते, आणि उन्हाळाभर ताडपत्रीखाली पडून असलेल्या इंजिनाने पहिल्या किल्लीला सुरू व्हावे अशी अपेक्षा केली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोणालाही ही अपेक्षा किती रास्त आहे हे सांगावे लागणार नाही. आमच्या नावेवर जुन्या महिंद्रा जीपचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. आता बहुतेकांनी डिझेल इंजिने बसवली आहेत. पण हे इंजिन आतून निरोगी आहे, कॉम्प्रेशन चांगले आहे, आणि निरोगी इंजिन केवळ इग्निशनच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या, कटकटीपायी भंगारात घालणे मला पटत नाही. म्हणून यंदा पावसाळ्याआधी त्याचे पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची तोंडे) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले.

पॉइंटची पद्धत मुळात वाईट नाही. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, शाफ्टवरील चार उंचवट्यांचा कॅम पॉइंट उघडतो, कॉईलमधला (व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतला) प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर पॉइंटना सेकंदाला ८० वेळा उघडमीट करावी लागते, आणि प्रत्येक वेळी सुमारे चार अँपिअरचा प्रवाह तोडावा लागतो. काढलेले पॉइंट उन्हात धरून पाहिले तर या कष्टाचा हिशेब दिसतो: एका तोंडावर बारीक खड्डा, समोरच्या तोंडावर त्याच आकाराचा टेंगूळ, आणि भोवती निळसर करडा डाग. पॉइंटवरची ठिणगी शमवणारा कंडेन्सर योग्य क्षमतेचा नसेल तर हे धातूचे स्थलांतर फार लवकर होते. शिवाय कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, गॅप (पॉइंटमधले अंतर) कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) हळूहळू मागे पडते. रस्त्यावरच्या गाडीत हे सारे सांभाळता येते. नावेत मात्र त्यावर ओलावा चढतो. महिनोन्‌महिने न वापरलेल्या पॉइंटच्या तोंडांवर ऑक्साइडचा थर बसतो, तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण प्रवाह अडवायला पुरेसा असतो. पॉलिश पेपरने तोंडे घासली की इंजिन लगेच लागते. पण मुसळधार पावसात, नाव धारेला लागलेली असताना, डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून पेपर घासत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

मी निवडलेला संच हॉल परिणामावर चालतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिलेला हा परिणाम चुंबकीय क्षेत्र ओळखण्यासाठी वापरला जातो. कॅमवर चार चुंबकांचे कडे बसते, पॉइंटच्या जागी एक छोटे मॉड्यूल बसते, आणि चुंबक समोरून गेला की आतला ट्रान्झिस्टर कॉईलचा प्रवाह तोडतो. घासणारे काही उरत नाही, कंडेन्सरही लागत नाही. मोटारींच्या जगात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट देण्यास सुरुवात केली होती. याने इंजिनाची ताकद वाढते असे दुकानात सांगितले जाते, तिकडे लक्ष देऊ नये. निरोगी पॉइंट आणि निरोगी मॉड्यूल यांच्या ताकदीत नावेवर जाणवण्याजोगा फरक नसतो. पैसे मोजायचे ते खात्रीने सुरू होण्यासाठी आणि टायमिंग जागेवर राहण्यासाठी.

मॉड्यूल बसवण्याआधी डिस्ट्रिब्युटर तपासणे मात्र टाळू नये. आमच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी हलवला तर आडवा हलत होता. चुंबक आणि मॉड्यूल यांच्यात अंतर थोडे कमीजास्त झाले तरी चालते, पण शाफ्ट डगमगत असेल तर प्रत्येक सिलिंडरला ठिणगी नेमकी एकाच अंशावर मिळत नाही. बेळगावला उद्यमबागेत एका लेथवाल्या मेस्त्रींनी शाफ्टभोवती बसणारा फॉस्फर ब्रॉन्झचा बुश वळून दिला. ते म्हणाले, "बुश बसवल्याशिवाय नवीन काहीही घालू नका, दोष त्या नव्या वस्तूवर जाईल." सेंट्रिफ्युगल अॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी, वजने गंजून जड झाली होती, ती साफ करून थोडे वंगण दिले. हा भाग इलेक्ट्रॉनिक संचातही यांत्रिकच राहतो, म्हणून तो अडकला तर मॉड्यूल कितीही चांगले असले तरी वेग वाढताना इंजिन दबून चालते.

कॉईलचा रोध मीटरने मोजणे अत्यंत आवश्यक आहे. १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉईल सुमारे ४ अँपिअर घेते, १.५ ओहमची कॉईल बॅलास्ट रोधाशिवाय (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या जोडरोधाशिवाय) जोडली तर ८ अँपिअर ओढते, आणि त्यासाठी न बनवलेले मॉड्यूल जळते. मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, म्हणजे पूर्ण व्होल्टेज मिळेल तिथे जोडावी. बॅटरीचे टर्मिनल उलटे लागले तर पॉइंटना काही होत नाही, मॉड्यूल मात्र तेथेच संपते. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवणेही घातक आहे. प्लगच्या जुन्या तांब्याच्या वायर काढून रोध असलेल्या वायर घातल्या, कारण साध्या वायरमधून होणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला गोंधळात टाकतो. टायमिंग शेवटी स्ट्रोब गनने (ठिणगीसोबत लुकलुकणाऱ्या दिव्याने) पाहिले: मंद वेगावर टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२.

एक गैरसमज धोकादायक असल्यामुळे येथे स्पष्ट लिहितो. पॉइंट गेले म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली ठिणगी गेली असे नाही. आत फिरणारा रोटर आणि वरची कॅप यांच्यामध्ये ती पूर्वीसारखीच उडत राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती नावेच्या तळाशी साचते, आणि इंजिनावर लाकडी पेटी असेल तर बाहेर पडायला तिला वाट नसते. खास नावांसाठी बनवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या छिद्रांना ज्वाला अडवणारी बारीक जाळी असते. जीपच्या डिस्ट्रिब्युटरला ती नसते. म्हणून आमच्याकडे किल्ली फिरवण्याआधी पेटी उघडून, वास घेऊन, वारा खेळू देऊन मगच इंजिन सुरू करण्याचा नियम आहे, आणि तो नियम पाहुण्यांसाठीसुद्धा मोडला जात नाही.

आमचे काका वर्षानुवर्षे नाव वल्हवत आले आहेत. त्यांचा आक्षेप सरळ होता: "पॉइंट बिघडला तर मी नदीत दुरुस्त करतो, तुझा हा डबा बिघडला तर काय करणार?" हा आक्षेप खरा आहे. पॉइंट हळूहळू बिघडतात आणि तशी चाहूल देतात. मॉड्यूल गेले तर एका क्षणात जाते आणि दुरुस्त होत नाही. म्हणून गॅप लावून ठेवलेली जुनी पॉइंट प्लेट, नवा कंडेन्सर, फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) आणि पेचकस असा संच हवाबंद डब्यात नावेवर कायम असतो. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर आणि ब्लॉकवर एकमेकांसमोर रेघा कोरल्या आहेत, त्यामुळे परत पॉइंट घातले तरी टायमिंग जवळपास जागेवर येते. काकांनी हा बदल काठावर स्वतःच्या हाताने करून पाहिला, आणि तेव्हापासून त्यांचा विरोध मावळला.

राहिलेले काम रेग्युलेटरचे आहे. जुना डायनॅमो आणि कट-आउट (बॅटरी डायनॅमोत उलटी रिकामी होऊ न देणारा स्विच) यांचे व्होल्टेज वेगानुसार फार वरखाली होते, आणि पॉइंटनी जे निमूट सोसले ते मॉड्यूल सोसेलच असे नाही. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहील असा रेग्युलेटर बसवल्याशिवाय नदीला पाणी येण्याआधी मी निर्धास्त होणार नाही.