पयल्यांदाच का मॅडम?

काल लोणारला एका पोराशी खोटं बोलले. फार मोठं काही नाही, पण कालपासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय.

नागपूरहून परत येताना समृद्धीवर मेहकरची पाटी दिसली आणि गाडी वळवली. का ते विचारू नका, आईला अजून सांगितलेलंच नाहीये. वर कडेला गाडी लावतेय तोवर एक गाइड पोरगा पळत आला, असेल वीस-बावीसचा, आणि म्हणाला, "पयल्यांदाच का मॅडम?"

मी म्हणाले, हो.

लहानपणीचे आठ-नऊ उन्हाळे या गावात काढलेत मी. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि टीव्हीवर तेच ते दाखवत होते तेव्हा घरबसल्या सगळ्यांच्या आधी स्टेटस मीच टाकलं होतं, 'आमच्या आजोळचं सरोवर', वर तीन हार्ट. आणि काल प्रत्यक्ष त्याच्या काठावर उभी असताना तोंडातून काय आलं, तर हो.

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला, कोणाकडच्या तुम्ही? मग मामाचं नाव घ्या, मग तो म्हणणार अरे ते का, मग घर आता कोणाकडे आहे ते... नको. असं मी खाली उतरताना स्वतःला समजावत होते. पण खरं सांगायचं तर एवढा विचार करायला वेळच कुठे मिळाला होता, हो तर आधीच निघून गेलं होतं. म्हणजे ते आतमध्ये तयारच होतं की काय? हे जास्त लागलंय. वेशीपासून देवळापर्यंत एकाही माणसाने "तू अमकीची पोरगी ना गं" म्हणून हटकलं नाही, त्याचाही राग होताच म्हणा. ओळखणार तरी कोण, आणि कशावरून.

खाली पोचलो. तोच वास, सडक्या अंड्यांचा. पोरगा पाठ केलेलं घडाघडा बोलत होता, बेसाल्टमध्ये उल्केने झालेलं विवर, 2020 पासून रामसर साइट, वय 5 लाख 70 हजार वर्षं. आमच्या वेळी 50 हजार सांगायचे हो! म्हणजे मी चाळिशीची होईपर्यंत हे सरोवर पाच लाख वर्षांनी म्हातारं झालं, त्यामानाने माझं बरं चाललंय.

मग कमळजा देवीच्या ताटातली चिमूटभर हळद त्याने माझ्या तळहातावर ठेवली, ओंजळीतून तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटाने फिरवली. पिवळी हळद लाल होत गेली, कडेकडेने आधी, मग सगळीच. "पीएच 10 च्या आसपास आहे मॅडम, अल्कली." मी "अय्या!" म्हणाले. खरंच म्हणाले, आणि चांगलं मोठ्याने. आजी सांगायची देवी हळदीचं कुंकू करून देते, आणि मग तेच बोट आमच्या कपाळाला लावायची. तळहात तसाच मिटून घेतला आणि पुढे त्याचं एक वाक्य ऐकू आलं असेल तर शपथ.

चढताना दम लागला. वर आल्यावर मी आपलं सवयीने बोलून गेले, "चल बाबा, धारेवर पाय धुऊ आधी."

तो थांबला. सकाळपासून तो त्याला गोमुख टेंपल म्हणत होता.

"तुम्हाला धार कसं माहीत?"

आता इथे तरी सांगून टाकायचं ना. तर मी म्हणाले, "गूगलवर वाचलं."

एकाच्या पोटी दुसरं. पोरगा मान हलवून हसला, त्याला पटलं की नाही देव जाणे. धारेचं पाणी मात्र तेव्हासारखंच गार होतं, मी पाय बुडवून जरा जास्तच वेळ बसले आणि तो शहाणा पोरगा लांब जाऊन फोन बघत बसला. त्याचे पैसे दिले, शंभर रुपये जास्तीचे दिले, ते कशाचे ते मला माहितीये.

आज सकाळी त्याचा मेसेज. "मॅडम रिव्ह्यू टाका ना, फर्स्ट टाइम व्हिजिट कशी वाटली ते लिहा."

पाच स्टार दिलेत. लिहायचा रकाना रिकामा ठेवलाय.