अडुसष्टाव्या वर्षी पाय मोकळे करताना

आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई ही देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी जमते आणि रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, जेवायला जमिनीवर पंगत पडते. एका वर्षी मला पंगतीतून उठताना दोन सुनांचे हात धरावे लागले. पुढच्या वर्षी कुणी न सांगता माझ्यासाठी भिंतीजवळ खुर्ची मांडलेली होती. खुर्चीवर बसून जेवण्यात कमीपणा काहीच नाही. पण मला अजून खाली बसायचं होतं, म्हणून मी धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं.

एक्स-रेमध्ये गुडघ्यांची झीज होती, पण थोडी. डॉक्टरांनी मला उताणं निजवलं, पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलून पाहिला आणि सांगितलं की गुडघ्यापेक्षा मांडीच्या मागचे स्नायू आणि पोटऱ्या जास्त आखडल्या आहेत. माझी सगळी नोकरी कारकुनीत, टेबलाशी गेली. तासन् तास बसून राहिलं की कंबर आणि गुडघा वाकलेलेच राहतात, आणि सांधा पूर्ण उघडला-मिटला नाही की त्याची हालचाल हळूहळू कमी होते. वयाबरोबर स्नायूंच्या आवरणातलं आणि स्नायुबंधांतलं कोलॅजन नावाचं प्रथिनही ताठर होत जातं. गोळी थोड्या दिवसांची मिळाली. खरा उपचार म्हणून त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली.

अमळनेरातच एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत. त्यांनी आधी एक चाचणी घेतली, ती घरीही करता येते. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीच्या कडेवर बसायचं, एक पाय समोर सरळ, टाच जमिनीवर, चवडा वर. मग पाठ ताठ ठेवून दोन्ही हात पायाच्या बोटांकडे न्यायचे. ही चाचणी अमेरिकेतल्या रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स यांनी १९९० च्या दशकात ज्येष्ठांसाठी बसवली. जमिनीवर बसता न येणाऱ्यालाही ती देता यावी म्हणून तिच्यात खुर्ची आहे. माझी बोटं नडगीच्या मध्यावरच थांबली. डावा पाय उजव्यापेक्षा वाईट निघाला.

त्यानंतर ताईंनी जे सांगितलं, त्यावरच माझं सगळं पुढचं काम उभं राहिलं: स्नायूला ताण दिला, म्हणजे स्ट्रेचिंग केलं, की तो ताण एक मिनिट धरायचा. तरुणांना पंधरा-तीस सेकंद पुरतात, वय झालेल्या स्नायूला जास्त वेळ लागतो. २००१ साली ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात पासष्टच्या पुढच्या माणसांचे तीन गट करून मांडीच्या मागच्या स्नायूंना १५, ३० आणि ६० सेकंद ताण दिला. दर वेळी चारदा, आठवड्यातून पाच दिवस, असं सहा आठवडे. साठ सेकंदवाल्यांचे पाय सगळ्यांत जास्त सुटले आणि व्यायाम थांबल्यावरही तो फायदा त्यांच्यात जास्त टिकला. हे ऐकून मला फार धीर आला. जोर लावायचा नव्हता, वेळ द्यायचा होता, आणि वेळ माझ्याकडे होता.

एक मिनिट म्हणजे माझे साधारण दहा संथ श्वास. पहिल्या दोन-तीन श्वासांत मागून चांगलंच ओढल्यासारखं वाटतं. पाचव्या-सहाव्याला तीच ओढ कमी होते, पाय जागचा हललेला नसतानाही. स्नायू धरून ठेवला की त्याच्यातला ताण आपोआप उतरतो, तेच हे. श्वास रोखायचा नाही, कारण त्याने रक्तदाब चढतो. आणि झटके द्यायचे नाहीत. शाळेत कवायतीला आम्ही उसळ्या घेत पायाचे अंगठे धरायचो, ते या वयात अजिबात नको. झटक्याला स्नायू उलट आकसून उत्तर देतो.

आधी अंगणात पाच-सात मिनिटं चालून घ्यायचं, अंग गरम झाल्याशिवाय सुरू करायचं नाही. मग खुर्चीवर बसून वर सांगितलेलाच ताण. पाठ गोल न करता कंबरेतून पुढे झुकायचं. माझ्या बाबतीत निम्मा फरक एवढ्यानेच पडला, कारण पाठ वाकवली की हात पुढे जातात पण मांडीला काहीच होत नाही.

पोटरीचा ताण भिंतीला हात लावून. एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, चवडा सरळ भिंतीकडे. इथे मला ठाऊक नसलेली गोष्ट कळली. पोटरीत दोन थर आहेत. वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून त्याला ताण द्यायला गुडघा सरळ हवा. आतला गुडघ्याच्या खाली सुरू होतो, त्याच्यासाठी तसंच उभं राहून मागचा गुडघा किंचित वाकवायचा, टाच न उचलता. उकिडवं बसताना टाचा वर उचलल्या जातात, त्यात या आतल्या थराचा मोठा वाटा असतो. मी दोन्ही करते. आतल्याला मात्र कधी सुट्टी देत नाही.

मांडीच्या पुढच्या बाजूसाठी मी कुशीवर निजते आणि वरच्या पायाच्या घोट्यात जुन्या सुती साडीची पट्टी अडकवून टाच मागे ओढते. उभ्याने एका पायावर हे करायला ताईंनी मनाई केली, तोल गेला तर कंबरेचं हाड मोडायचं. जांघेच्या पुढच्या स्नायूंसाठी पलंगाच्या कडेला उताणं निजून एक गुडघा छातीशी धरायचा आणि दुसरा पाय कडेखाली सैल सोडायचा. मांडीच्या आतल्या बाजूला फुलपाखरासारखं बसणं, तळवे एकमेकांना लावून, पाठ भिंतीला, खाली पाट आणि दोन्ही गुडघ्यांखाली उशा. गुडघे हाताने दाबायचे नाहीत.

शेजारच्या आजी रोज ओट्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, “मांडी घालता येस का आते?” बरेच दिवस उत्तर ‘नाही’च होतं. पहिल्या काही आठवड्यांत पाय हलके वाटतात, तो बराचसा मज्जासंस्थेचा बदल असतो. तीच ओढ शरीर अधिक सहन करायला शिकतं. म्हणून मध्ये चार दिवस खंड पडला की पाय पुन्हा आखडल्यासारखे वाटतात. माझ्या ओळखीतले बरेच जण नेमके इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं, कारण पुढचा टप्पा तेवढा कठीण नसतो.

आपल्या खान्देशात वेळेचं भान ठेवावं लागतं. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा मी सूर्य वर यायच्या आत उरकते आणि आधी पाणी पिते. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की पोटरीत गोळे येतात. पौषात उलट, पहाटेच्या गारठ्यात स्नायू ताठ असतात, म्हणून ऊन अंगणात उतरल्यावरच सुरू करते.

ताण आणि दुखणं यांत फरक करायला शिकावं लागलं. स्नायूच्या मधोमध पसरलेली ओढ चालते. सांध्यात टोचणं, पायात मुंग्या किंवा कंबरेतून खाली जाणारी कळ आली की तिथेच थांबायचं. एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली आणि दुखू लागली, तर ताण देत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्ताची गाठ असू शकते.

आता माझी बोटं चवड्याला टेकतात, उजव्या बाजूला तरी. डाव्याला अजून थोडं कमी पडतं. मागच्या कानबाईला मी पाटावर मांडी घालून रोट जेवले आणि एक हात जमिनीवर टेकून उठले. उठता आलं ते मात्र नुसत्या ताणाने नव्हे. ज्येष्ठांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताईंनीही नंतर खुर्चीवरून हात न लावता उठण्या-बसण्याचा व्यायाम जोडला. लवचिकता खाली बसवते, वर उठायला मांडीत बळ लागतं.

माझ्या जाऊबाईंनाही सुरू करायचं होतं. त्यांचा खुब्याचा सांधा बदललेला आहे आणि हाडंही ठिसूळ आहेत, म्हणून मी त्यांना माझे व्यायाम शिकवले नाहीत, ताईंकडे घेऊन गेले. त्यांना पुढे वाकणं आणि मांडी घालणं बंद आहे. त्या फक्त भिंतीचा पोटरीचा ताण करतात, दोन्ही थरांचा, आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघी एकाच भिंतीला हात लावून उभ्या असतो.