फोडणी नसलेली गाजराची भाजी

इंग्लंडमध्ये रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे आणि ग्रेव्ही यांच्या शेजारी चकाकणारी केशरी गाजरे बऱ्याच घरांत असतात. मोहरी नाही, हिंग नाही, खोबरे नाही. गाजर, बटर, साखर, मीठ आणि पाणी, बस्स. गोव्यातल्या स्वयंपाकघरात ती अर्ध्या तासात होतात. मात्र पाण्याचे माप चुकले की नुसती उकडलेली गाजरे हाती येतात.

चौघांसाठी अर्धा किलो गाजरे पुरतात. बेळगावहून येणारी केशरी, मध्यम जाडीची घ्या. थंडीतली लांब लाल गाजरे हलव्यासाठी ठेवा. ती रसाळ असतात आणि लवकर मऊ पडतात. सोलून अर्ध्या सेंटिमीटरच्या तिरक्या चकत्या करा. जाडी सारखी हवी, नाहीतर बारीक चकत्यांचा लगदा होईपर्यंत जाड चकत्या कच्च्याच राहतात. जून गाजराचा मधला दांडा काढून टाका.

पसरट, जाड बुडाच्या भांड्यात चकत्या शक्यतो एकाच थरात पसरा. त्यावर ३० ग्रॅम बटर, एक मोठा चमचा साखर आणि गाजरे अर्धी बुडतील इतकेच पाणी, साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर. आपल्याकडचे पिवळे बटर बहुधा खारट असते, म्हणून मीठ आधी घालूच नका. पाणी आटते तसा खारटपणा वाढतो. चव शेवटी बघा.

झाकण ठेवून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे शिजवा. सुरी जराशा विरोधाने आत गेली की झाकण काढून आच वाढवा. इथून पुढे भांड्यापासून हलू नका. पाणी आटते, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, उरलेल्या रसात बटर आणि साखर एकजीव होऊन चकत्यांना चिकटते. भांडे हलवत राहा. चमच्याने ढवळल्यास चकत्या मोडतात. रस पाकासारखा दिसला की लगेच गॅस बंद.

एखादे मिनिट जास्त झाले तर बटर फाटते: तळाशी तूप सुटते आणि गाजरे तेलकट दिसतात. अशा वेळी दोन चमचे पाणी घालून भांडे जोरात हलवा, चकाकी परत येते. याच कारणाने तुपात ही भाजी जमत नाही. तुपात पाणी आणि दुधाचे घटक राहिलेलेच नसतात. गाजरे शिजली पण पाणी खूप उरले, तर चकत्या बाजूला काढून फक्त रस आटवा आणि मग परत घाला.

लिंबाचा रस एक छोटा चमचा, तोही गॅस बंद केल्यावर. आंबटामुळे गाजर मऊ व्हायला वेळ लागतो. खायच्या सोड्याने उलटे होते. फ्रान्समधल्या विशी गावच्या पाण्यात तो क्षार मुळातच असतो आणि तिथल्या गाजरांच्या पदार्थाला त्या गावाचेच नाव आहे. घरी करताना सोडा चिमटीपेक्षा कमी, नाहीतर गाजरांचा लगदा.

साखरेऐवजी माडाचा गूळ सुरेख लागतो, पण रंग काळपट होतो. तो विरघळवून, गाळून, झाकण काढल्यावर घाला. वरून मिरपूड आणि कोथिंबीर. काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातले गोव्याचे चिकन) किंवा तळलेल्या इसवणाशेजारी (सुरमईशेजारी) ही गाजरे फार छान लागतात. शाकुतीसोबत, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्यासोबत, नकोत, तिच्या मसाल्यात त्यांची चव हरवते.

उरलेली गाजरे फ्रीजमध्ये ठेवली की बटर थिजते. चमचाभर पाणी घालून पसरट भांड्यातच गरम करा.