आठ गुंठे आणि हेक्टरी ५० हजार

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनची आमची सुपारीची वाडी आडवी झाली. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, तेव्हा इथे परळला चाळीत सगळे खूश. पण आमच्याकडे हेक्टर आहे कोणाकडे? हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे; वाडी आठ गुंठ्यांची, म्हणजे चार हजार रुपये. गुंठ्याला तेरा झाडं धरली, तर झाडामागे चाळीसही पडत नाहीत. पडलेलं झाड तोडून बाहेर ओढायची मजुरीसुद्धा त्यात सुटत नाही.

त्यात सातबारा अजून आजोबांच्या नावावर. वारस भांडुप, मुलुंड, विरारला पांगलेले. संमतीपत्र घेऊन सगळ्यांची दारं वाजवली. विरारच्या काकू म्हणाल्या, "आधी वाटणी करा, मग सही." चार हजारांची वाटणी!

घराचे पत्रे उडाले तर एकरकमी मदत चालते. सुपारीचं तसं नाही. नवं रोप लावलं की पाच-सहा वर्षं हाताला काही लागत नाही. तेवढी वर्षं दरसाल थोडी रक्कम आणि मोजणी झाडागणिक, एवढं तरी हवं होतं. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. पण तिथेही पहिला कागद सातबाराच.