आमची वाटचाल : टिपरच्या इंजिनांपासून ऑइल पंपापर्यंत

२०१२ पर्यंत डिचोलीच्या आमच्या गॅरेजमध्ये खाणीवरच्या टिपरांचीच इंजिने उघडली जात. त्या वर्षी खाणी बंद पडल्या, टिपर जागच्या जागी गंजू लागले, आणि आम्ही म्हापसा-पणजीकडच्या हौशी मंडळींच्या वेगवान गाड्यांची इंजिने बांधण्याकडे वळलो.

डिझेलच्या सवयीने आमचा समज होता की इंजिनात ऑइल फिरवणारा पंप जेवढा मोठा, तेवढे इंजिन सुरक्षित. एका टर्बो इंजिनाला आम्ही जादा प्रवाहाचा पंप बसवला. गॅरेजमध्ये प्रेशरचा काटा झकास उभा राहिला. चोर्ला घाटात मात्र प्रत्येक लांब वळणावर तो क्षणभर खाली पडे. दोन महिन्यांत इंजिन परत आले, तेव्हा बिगएंड बेअरिंगच्या (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथल्या) शेलवरचा करडा थर जाऊन खालचे तांबे दिसत होते. दोष पंपाचा नव्हता. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरमध्ये आडपट्ट्या नसल्याने वळणावर ऑइल एका बाजूला जाई आणि पंपाच्या तोंडाची जाळी, म्हणजे स्ट्रेनर, हवा ओढी. त्यात मोठा पंप ऑइल वर फेकण्यात इतका तत्पर की इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडमधून, ते परत उतरायलाही उसंत मिळत नसे. ते इंजिन आम्ही पदरमोड करून पुन्हा बांधले.

तेव्हापासून आम्ही पंप शेवटी निवडतो. आधी बेअरिंगची फट मोजतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाला) ती साधारण ०.०५ मिलिमीटर धरतो. पंप प्रवाह देतो, दाब तयार होतो तो या फटींच्या अडथळ्यामुळे, आणि मिनिटाला दर १००० फेऱ्यांना १० पीएसआय (दाबाचे माप) हा जुना ठोकताळा धरला तर ७००० फेऱ्यांना ७० पुरतात. त्यापुढचे सगळे जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरते, ऑइल तापवते आणि इंजिनाचीच ताकद खाते. हे गिऱ्हाइकाला पटवणे पंप बसवण्याहून अवघड.

क्रँकच्या टोकावरच बसणारा पंप असेल, तर धातूची भुकटी दाबून केलेले मूळचे गिअर चढ्या फेऱ्यांवर तडकण्याची भीती असते. तिथे आम्ही अखंड पोलादातून कापलेले गिअर घालतो आणि त्यात काटकसर करू देत नाही. ड्राय संप (ऑइल इंजिनाबाहेरच्या टाकीत ठेवण्याची रचना) मात्र रस्त्यावरच्या गाडीला आम्ही सहसा सुचवत नाही.

नवे इंजिन सुरू करण्याआधी पंपात ऑइल भरतो, स्पार्क प्लग काढतो आणि काटा उठेपर्यंत नुसत्या स्टार्टरवर क्रँक फिरवतो. मालक शेजारी कितीही घाई करीत उभा असला, तरी तोवर प्लग परत बसत नाहीत.